गाडी लागणारा मुलगा, सीटमध्ये न बसणारी मुलगी

पत्र:

आमचा मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. गेल्या वेळी तीन दिवसांच्या सहलीला गाडीने गेलो. पाच तासांचा रस्ता म्हणता म्हणता साडेसात तास लागले. मुलाला दोनदा उलटी झाली. मुलगी तिच्या सीटमध्ये (गाडीत लावायच्या लहान मुलांच्या खुर्चीत) बसायलाच तयार नव्हती. रडून रडून लाल झाली, तेव्हा शेवटी मी तिला मांडीवर घेतलं. पोचलो तेव्हा आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो.

पुढच्या महिन्यात सलग तीन दिवस सुट्टी आहे. नवरा म्हणतो, या वेळी रात्री जेवून निघू. मुलं झोपतील, पहाटे पोचू, म्हणजे एक दिवस वाचेल. काय काय बघायचं त्याची यादीही त्याने केली आहे. सासूबाई म्हणतात, मुलांना यातलं काही आठवणार नाही, मोठी होऊ देत, मग फिरा. मला मात्र जायचंय. घरात बसून जीव विटलाय. पाच तास मुलांना गाडीत कसं रमवायचं, तेवढं सांगा.

— एक आई

उत्तर:

जा, अवश्य जा. पण पाच तासांवर नको.

पाच तास मुलांना कसं रमवायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांना ते आपल्याकडे आहे असं वाटतं, त्यांची मुलं बहुधा एव्हाना कॉलेजात गेलेली असतात. दीड वर्षाच्या मुलीला पाच तास पट्ट्यात बांधून खूश ठेवायची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. तिचं वयच चालायचं, चढायचं, सगळं ओढून बघायचं. तेव्हा नकाशा पुन्हा उघडा आणि दोन, फार तर अडीच तासांच्या आत जे काही येतं ते बघा. नकाशा जो वेळ दाखवतो तो एकट्या माणसाचा, न थांबता जाण्याचा असतो. दोन लहान मुलं बरोबर असली की मी त्याची सरळ दीडपट धरते. म्हणजे अडीच तासांचे पावणेचार झाले, आणि तेवढे एका दिवसाला पुष्कळ आहेत. तुमच्या पाच तासांचे साडेसात झाले त्यात काहीच चुकलेलं नव्हतं. हिशेबाप्रमाणेच झालं ते. फक्त हिशेब कुणी आधी केला नव्हता, त्यामुळे शेवटचे अडीच तास सगळ्यांना कुणीतरी लुबाडल्यासारखे वाटले.

जवळच्या ठिकाणी ‘बघण्यासारखं’ काही नाही, असं तुमचे यजमान म्हणतील. असू दे. पाच वर्षांच्या मुलाला बघायचं नसतं, करायचं असतं. पाण्यात दगड टाकायचे, पायऱ्या चढून पुन्हा उतरायच्या, राहत्या खोलीतल्या पलंगावर उड्या मारायच्या. दीड वर्षाच्या मुलीला तर दिव्याचं नवं बटण सापडलं तरी अर्धा तास पुरतं. तीन दिवसांतले दोन दिवस रस्त्यातच घालवायचे आणि उरलेल्या एका दिवसात यादी संपवायची, यात मुलांच्या वाट्याला येतं ते फक्त ‘चला, उठा, आवरा, लवकर’. यजमानांची बाजूही मला दिसते. जो गाडी चालवतो त्याला एवढ्या कष्टाचं चीज व्हावं असं वाटतंच, त्यातून यादी लांबते. त्यांना त्या यादीतली एकच गोष्ट निवडायला सांगा, त्यांच्या मनातली अगदी पहिली. ती सकाळी, मुलं ताजीतवानी असताना करा. हवं तर त्यांना एकट्यालाच दोन तास सोडा, तुम्ही मुलांकडे बघा. दुसऱ्या दिवशी तेवढेच दोन तास तुमचे. सगळ्यांनी सगळं एकत्रच केलं पाहिजे असा काही नियम नाही.

आता रात्री निघण्याबद्दल. इथे मी स्पष्ट नाहीच म्हणते.

मुलं झोपतील हे खरं. पण गाडी चालवणाऱ्याच्या शरीरालाही तेव्हा झोपच हवी असते. माणसाचं आतलं घड्याळ मध्यरात्रीनंतर, साधारण दोन ते सहा या वेळात सगळ्यात मंद चालतं. दुपारी दोन ते चारच्या सुमारास तसाच एक लहान उतार येतो. त्यात तुमचे यजमान सकाळी उठून दिवसभर काम करून, जेवून गाडीत बसणार. सतरा तास सलग जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका सुस्त वागतो, असं १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं. सकाळी सहाला उठलेल्या माणसाचे सतरा तास रात्री अकराला भरतात. म्हणजे तुमच्या बेताप्रमाणे ते भरतात तेव्हा प्रवास जेमतेम सुरू झालेला असेल. डुलकी लागते ती सांगून लागत नाही. ताशी ८० किलोमीटरने जाताना चार सेकंद डोळा लागला, तर तेवढ्यात गाडी जवळपास ९० मीटर पुढे गेलेली असते, आणि तेवढा वेळ ती कुणीच चालवत नसतं. खिडकी उघडणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी माणसाला जागं झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

शिवाय एक दिवस वाचतो हेही खरं नाही. पहाटे पोचल्यावर मुलं टुणटुणीत उठलेली आणि तुम्ही दोघं आडवे. तो दिवस कुणाचा वाचला?

पहाटे लवकर निघायचा बेत यापेक्षा बरा, पण आदल्या रात्री चालवणारा माणूस पुरेसा झोपलेला असला तरच. बॅगा भरायचं काम रात्री बारापर्यंत चालत असेल, तर पहाटेचा हट्ट सोडा. दोन-अडीच तासांच्या रस्त्याला सगळ्यात सोयीची वेळ मला वाटते ती मुलीच्या झोपेच्या तासभर आधीची. घरी पोटभर खेळवायचं, खाऊ घालायचं, मग निघायचं. पहिला तास ती खिडकीतून बघते, मग डोळे मिटायला लागतात. ती झोपली की विनाकारण गाडी थांबवू नका, आणि नेमकं तेव्हाच चहाची आठवण काढू नका.

मांडीवर घेण्याचं मात्र मला मुद्दाम लांबवून लिहायला हवं. तुम्हाला दोष देत नाहीये. लेकरू तासभर हंबरडा फोडत असेल तर कुठलीही आई हात पुढे करते. पण तो हात तिला वाचवू शकत नाही. ताशी ५० किलोमीटरने गाडी कशावर आदळली, तर आतल्या माणसाला बसणारा तडाखा साधारण दहा मीटर उंचीवरून पडल्यासारखा असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. त्या क्षणी शरीराचं वजन वीस ते तीस पट झाल्यासारखा जोर येतो. तुमची मुलगी अकरा किलोची धरली, तर दोनशे-तीनशे किलोचं ओझं हातात धरून ठेवायचं झालं, तेही सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात, काही कळायच्या आत. कुणाच्याच हातात तेवढं बळ नसतं. आईच्या आणि मुलीच्या भोवती मिळून एकच पट्टा लावला तर ते आणखी वाईट, कारण मग आईचंच वजन मुलीवर येतं. पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसणं तर विचारूच नका. एअरबॅग मोठ्या माणसाच्या छातीचा अंदाज घेऊन फुगते, तिथे मुलीचं डोकं असतं.

दीड वर्षाची आहे, तेव्हा तिची सीट मागे तोंड करून लावलेली हवी. निदान दोन वर्षांची होईपर्यंत, आणि सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही. या वयात डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेची हाडं अजून पुरती कडक झालेली नसतात. समोरून धक्का बसला की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं डोकं झटक्याने पुढे जातं, सगळा ताण मानेवर. मागे तोंड असेल तर तोच जोर पाठ, डोकं, मान यांवर मिळून पसरतो. तिचे पाय दुमडतात, अवघडत असतील, असं वाटतं. मुलांना तसं बसण्याचं काही वाटत नाही, घरी ती तशीच मांडी घालून नाहीतर उकिडवी बसलेली असतात.

मग ती रडते का? याची बरीचशी उत्तरं सीटमध्येच सापडतात. निघाल्यावर अर्ध्या तासाने गाडी थांबवून तिच्या पाठीमागे हात घालून बघा. पुष्कळदा पाठ घामाने चिंब असते. मागे तोंड केलेल्या सीटच्या खोलगट पाठीपर्यंत एसीची हवा पोचतच नाही, पुढे बसलेल्यांना मात्र थंडी वाजत असते. मग आपण तिलाच आणखी एक जाकीट चढवतो. एक पातळ सुती कपडा पुरे. जाडजूड कपड्यांवरून पट्टा लावला की तो घट्ट वाटतो, पण असतो सैल. गारवा असेल तर पट्टा लावून झाल्यावर वरून पांघरूण घाला. पट्ट्याला कुठे पीळ पडलाय का, बकल मांडीला टोचतंय का, ऊन थेट डोळ्यांवर येतंय का, तेही बघा. उन्हात उभ्या गाडीतलं बकल चटका देण्याइतकं तापतं, आधी आपल्या बोटाने चाचपा. पट्टा नीट बसलाय की नाही याची खूण सोपी आहे. गळ्याखालच्या हाडापाशी पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरायला जा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे.

आणि सहलीला अजून महिना आहे, तो वापरा. सीट काढून घरात आणा. चार दिवस तिला त्यात चढू-उतरू दे, बाहुलीला बसवू दे. मग उभ्या गाडीत पाच मिनिटं, मग गल्लीला एक वळसा, मग जवळच्या कामाला. प्रत्येक वेळी पट्टा लागल्यावरच गाडी सुरू होते, आणि पट्टा सुटतो तो गाडी उभी राहिल्यावरच. यात एकदाही सवलत द्यायची नाही. ‘आज फार रडतेय, एवढ्यापुरतं’ असं एकदा झालं, की कितपत रडावं लागतं याचा तिला अंदाज आलेला असतो. या वयात तो फार लवकर येतो. प्रवासात ती रडायला लागली, भूक-शी-शू-ऊन सगळं बघून झालं, तरी थांबेना, तर गाडी सुरक्षित जागी उभी करा, काढा, कडेवर घ्या, फिरवा. मग पुन्हा सीटमध्ये. चालत्या गाडीत काढायचं नाही.

तुमच्या मुलाबद्दल लिहिताना मला जरा बरं वाटतंय, कारण गाडी लागणं बऱ्याच अंशी टाळता येतं. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा गाडी लागत नाही. दोन ते बारा या वयात मात्र पुष्कळांना लागते, आणि मोठेपणी बहुतेकांची कमी होते. कानाच्या आत पाण्याने भरलेल्या बारीक अर्धगोल नळ्या असतात, त्या मेंदूला सांगतात की आपण हलतोय, वळतोय, थांबतोय. डोळे खाली फोनवर नाहीतर चित्रांच्या पुस्तकावर असले, की ते सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन उलटसुलट साक्षींत पोट ढवळतं. मुलगा मागच्या सीटवर खोल बसलेला असेल, तर त्याला खिडकीतून बाहेर दिसतच नाही, दिसते ती फक्त पुढच्या सीटची पाठ. तेव्हा त्याला उंच बसवा. पाच वर्षांच्या मुलाला तसंही पाठ असलेल्या लहान मुलांच्या सीटची नाहीतर बूस्टरची, म्हणजे मुलाला उंच करणाऱ्या बैठकीची, गरज असतेच, कारण मोठ्यांचा पट्टा मानेवर आणि पोटावर येतो, तो यायला हवा खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर. साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर उंचीपर्यंत बूस्टर लागतो, नेमका आकडा देशागणिक वेगळा आहे. बूस्टरने पट्टा जागेवर बसतो आणि बाहेरचंही दिसतं. गाडीच्या मधल्या जागेवर तीन टोकांचा पट्टा असेल आणि त्याची सीट तिथे नीट बसत असेल, तर तिथून समोरचा रस्ता दिसतो. ती गाडी लागणाऱ्या मुलासाठी सगळ्यात चांगली जागा.

त्याला उलटी होण्याआधी तो सांगणार नाही, पण दिसेल. बडबड करणारा मुलगा एकदम गप्प होतो. जांभया देतो. पुन्हा पुन्हा आवंढा गिळतो, ओठांभोवतीचा रंग उतरतो, कपाळावर दव पडल्यासारखा घाम. यातलं काही दिसलं की पुढच्या सुरक्षित जागी लगेच थांबा, पुढच्या ठरवलेल्या ठिकाणापर्यंत ताणू नका. खाली उतरवून दहा मिनिटं चालवा, गार हवा लागू दे, दोन घोट पाणी. थांबायला जागा नसेल तर खिडकी उघडा, डोळे मिटून डोकं मागे टेकवायला सांगा. ‘मळमळतंय का रे?’ असं दर दहा मिनिटांनी मात्र विचारू नका, विचारून विचारूनही मळमळायला लागतं.

निघण्याआधी रिकामं पोटही नको आणि ठासून भरलेलंही नको. तेलकट काही नको. काच पुसायचा फवारा, गाडीत टांगलेली सुगंधाची डबी, अत्तर, सगळं काढून टाका. गेल्या वेळच्या उलटीचा वास सीटमध्ये राहिलेला असेल तर आधी तो घालवा, त्या वासानेही सुरुवात होते. सीटचे पट्टे धुताना जोरकस साबणात भिजत घालू नका, धागे कमकुवत होतात. ओल्या फडक्याने पुसायचे, बाकी सीटबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आणि हे यजमानांना वाचून दाखवा: वळणावर वेग आधीच कमी करायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक नाही. पुढच्या गाडीच्या शेपटीला लागून जायचं नाही, म्हणजे सारखं दाबायचं-सोडायचं होत नाही. अर्ध्या उलट्या रस्त्यामुळे होतात, अर्ध्या उजव्या पायामुळे.

औषध देता येतं, पण ते मुलाच्या डॉक्टरांना विचारून आणि वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेऊन. ते साधारण अर्धा-एक तास आधी द्यावं लागतं, उलटी सुरू झाल्यावर त्याचा उपयोग नाही. आणि मुलालाच औषध देताय ना, मग धाकटीलाही थोडं, असं करू नका. यातली काही औषधं दोन वर्षांखालच्या मुलांना धोक्याची असतात. काही मुलं या औषधांनी झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, म्हणून डॉक्टर हो म्हणाले तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरीच एकदा देऊन बघा.

तरीही झालीच उलटी, तर हाताशी असू द्या: तोंड रुंद आणि बूड न गळणाऱ्या पिशव्या, एक मोठा टॉवेल, ओले पुसणे, मुलाचा आणि तुमचाही एक कपड्यांचा जोड. सगळे आपला जोड विसरतात. हे डिकीत नाही, पायाशी. बाटल्या, टिफिन, खेळणी मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवू नका, जोरात ब्रेक लागला की त्या उडून डोक्यावर येतात.

चालवणाऱ्याने फक्त चालवायचं, मागचं सगळं तुमच्याकडे. मागे वळून ‘काय झालं?’ म्हणण्यात दोन सेकंद जातात, आणि ताशी ८० च्या वेगात तेवढ्यात ४० मीटरहून जास्त रस्ता न बघता मागे पडतो. तुम्ही मागे मुलीशेजारी बसा. दोघांनाही गाडी येत असेल तर अर्ध्या वाटेत अदलाबदल करा, म्हणजे मागचं काम काय असतं ते दोघांनाही कळेल. (हे सहलीच्या सुरक्षिततेपेक्षा तुमच्या संसाराच्या हितासाठी सुचवतेय.) दीड तासाने, फार तर दोन तासांनी थांबायचंच, कुणी मागितलं नाही तरी. थांबायचं म्हणजे मुलांना पळू द्यायचं, पण वाहनांपासून लांब. मोठ्या माणसांनी उभ्याने चहा घेतला आणि मुलं गाडीतच राहिली, याला थांबणं म्हणत नाहीत.

आता रमवण्याचं. दोन तासांसाठी फार लागत नाही. मुलाला बाहेर बघायला लावणारे खेळ सगळ्यात बरे: लाल गाड्या मोजायच्या, पुढच्या वळणावर काय दिसेल ते ओळखायचं, आईने चुकीची गोष्ट सांगायची आणि त्याने चुका पकडायच्या. गोष्टी आणि गाणी ऐकायला लावा, ऐकताना मान खाली घालावी लागत नाही. फोनवर चित्रफीत दाखवण्याबद्दल माझा नैतिक आक्षेप काही नाही, तुमच्या मुलाच्या पोटाचा आहे. धाकटीला एकेक वस्तू द्या, सगळी पिशवी एकदम नको. झाकण लावायची-काढायची रिकामी डबी, बारीक गुंडाळलेला रुमाल, एवढं चालतं. खाऊ चालत्या गाडीत कमीच. अख्खी द्राक्षं, दाणे, लाह्या, कडक गोळ्या तर नकोतच. मागे तोंड करून बसलेल्या मुलीच्या घशात काही अडकलं तर पुढच्यांना दिसत नाही, आणि गुदमरताना मूल ओरडू शकत नाही.

एसी सतत आतलीच हवा फिरवण्यावर ठेवू नका. चार माणसांच्या श्वासाने बंद गाडीतली हवा जड होते, चालवणाऱ्याला पेंग येते. बाकी टायरची हवा गाडी थंड असताना तपासणं, स्टेपनीतही हवा आहे ना ते बघणं, मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावणं हे यजमानांना माहीत असेलच. मुलांचं तापाचं औषध वजनाप्रमाणे मात्रा लिहून बरोबर घ्या, थर्मामीटर आणि जलसंजीवनीही.

एक गोष्ट मात्र कितीही घाई असली तरी. पोचल्यावर मुलगी गाढ झोपलेली असेल, आणि ‘दोनच मिनिटं, सामान ठेवून येतो’ असा मोह होईल. तिला गाडीत एकटं ठेवायचं नाही. बाहेर २७ अंश असताना, म्हणजे आपल्याला छान वाटेल अशा हवेतही, उन्हात उभ्या बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं, आणि बहुतेक सगळी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर खाली ठेवल्याने फरक जवळजवळ पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. आधी मुलं बाहेर, मग सामान. परत येताना उलटं, आधी सामान, मग मुलं. आणि उभी गाडी कायम कुलूपबंद ठेवा, म्हणजे पाच वर्षांचे महाशय लपाछपी खेळताना आत जाऊन बसणार नाहीत.

राहायची जागा निवडताना देखावा नंतर बघा. मुलगी आठला झोपते ना? मग एकाच खोलीत तुम्ही तिघं आठनंतर काय करणार? अंधारात पलंगाच्या कडेला बसून कुजबुजत, पिशवीतला चुरचुरणारा कागद न वाजवता खात बसायचं? खोलीला जोडून गॅलरी, पडवी, नाहीतर निदान एखादा आडोसा असलेली जागा शोधा. गॅलरी असेल तर कठड्याच्या गजांमधलं अंतर आणि त्याला टेकून ठेवलेल्या खुर्च्या पोचल्या पोचल्या बघून घ्या, खुर्च्या आत आणा. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ कुठला तेही. मुलीची घरची न धुतलेली चादर किंवा उशीची खोळ घेऊन जा. पहिल्या रात्री झोप उडते ती जागा अनोळखी म्हणून, ओळखीच्या वासाने ती लवकर लागते.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मोठेपणी बहुतेक माणसांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही, तेव्हा तुमच्या मुलीला ही सहल आठवणार नाही. मुलाला कदाचित एखादा तुकडा आठवेल, तोही तुम्ही फोटो काढलेला नसेल असा. पण न आठवणाऱ्या गोष्टी करायच्याच नाहीत असं ठरवलं, तर दीड वर्षाच्या मुलीशी दिवसभरात काहीच करता येणार नाही, अंगाईसुद्धा म्हणता येणार नाही. शिवाय तुम्हाला आठवेल ना. ‘घरात बसून जीव विटलाय’ असं तुम्ही लिहिलंत, तेवढं कारण मला पुरतं. मुलांच्या नावावर ते खपवायची गरज नाही. सासूबाईंना उत्तर देत बसू नका, एकदा तासाभराच्या अंतरावर त्यांनाही बरोबर घेऊन जाऊन या. तीच तुमची रंगीत तालीम. त्यात मुलगी सीटमध्ये कशी बसते, मुलाला बूस्टरवर कसं वाटतं, पिशवीत काय विसरतं ते सगळं कळेल, आणि बिनसलंच तर घर तासाभरावर असेल.

परतीचा प्रवास सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी ठेवू नका. त्या वेळी सगळेच परतत असतात आणि चालवणारा दमलेला असतो. सकाळी खाऊन निघा, दुपारपर्यंत घरी या. उरलेला अर्धा दिवस धुणं, आंघोळी आणि लोळण्यासाठी. यजमान म्हणतील, अर्धा दिवस फुकट गेला. त्यांना त्याच वेळी झोपू द्या.